पॉइंटांची पुण्याई

पदरचे सगळे पैसे खर्चून प्रवास करण्याची सवय आपल्या मध्यमवर्गाने स्वतःला फारशी कधी लावून घेतली नाही. याचा अर्थ तो घरात बसून राहिला असा मुळीच नव्हे. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत तो सगळीकडे गेला, चिवड्याचे आणि दशम्यांचे डबे घेऊन गेला, स्लायडींचे आणि फोटोंचे ढीग घेऊन परत आला. पण निघताना त्याला कुठल्या तरी सवलतीचे बोट धरावे लागे. सरकारी नोकराला एलटीसी, रेल्वेतल्या माणसाला पास, एसटीच्या प्रवाशाला ‘आवडेल तेथे प्रवास’, बँकवाल्याला एलएफसी आणि युनियनचे हॉलिडे होम. यातले काहीच नसेल तर त्या गावातल्या मावशीचे घर!

मी बँकेत लागलो त्या १९८० च्या दशकात एलएफसी ही तीन अक्षरे आमच्या घरी दिवाळीच्या बोनसइतक्याच आदराने उच्चारली जात. ठरावीक वर्षांनी सगळ्या कुटुंबाचे प्रवासभाडे बँक देणार, म्हणून सहा-सहा महिने आधी रेल्वेचे टाइम टेबल उघडले जाई. त्या सवलतीचा एक गुण आता, इतक्या वर्षांनी, लक्षात येतो. आधी गाव ठरायचे, मग गाडी ठरायची आणि शेवटी बिल सादर व्हायचे. सवलत सहलीच्या मागून चालायची.

ते दिवस बहुतेकांच्या आयुष्यातून गेले. खासगी नोकरीत प्रवास भत्ता पगाराच्या चिठ्ठीवर एक ओळ म्हणून उरला आहे, आणि २०२० मध्ये आलेली नवी करप्रणाली निवडली तर त्या ओळीवरची करसवलतही मिळत नाही. मोकळी झालेली ती जागा क्रेडिट कार्डाने घेतली. आज तरुण घरांमध्ये सहलीचा विषय निघाला, की पहिला प्रश्न ‘कुठे जायचे’ हा नसतो, ‘पॉइंट किती झाले’ हा असतो. माझ्यासारख्या निवृत्त बँकरला लग्नाच्या पंगतीतसुद्धा कोणीतरी गाठून विचारतो, ‘काका, यात खरंच काही मिळतं का हो?’ मिळते. पण कसे मिळते आणि कोणाच्या खिशातून मिळते, हे ठाऊक असलेल्यालाच ते नीट मिळते.

ही कल्पना मूळची अमेरिकेतली. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या नेहमीच्या प्रवाशांसाठी मैल मोजण्याची योजना सुरू केली. जितके उडाल तितके मैल खात्यावर, आणि पुरेसे साठले की एक तिकीट मोफत. पुढे बँका त्यात शिरल्या, आणि विमानात पाऊल न ठेवताही, नुसता किराणा भरून मैल मिळू लागले. आपल्याकडे सिटी बँकेने क्रेडिट कार्डे आणली, १९९८ मध्ये स्टेट बँकेचे कार्ड आले, आणि नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत कार्ड ही श्रीमंतांची मिरवण्याची वस्तू न राहता भाजीच्या पिशवीइतकी घरगुती झाली.

आता पॉइंट जन्माला कसा येतो ते पाहू. तुम्ही दुकानात शंभर रुपयांचे क्रेडिट कार्ड वापरता, तेव्हा दुकानदाराच्या खात्यात शंभर रुपये पडत नाहीत. दीड, दोन, कधी अडीच रुपये वाटेतच कापले जातात. त्यातला मोठा वाटा तुम्हाला कार्ड देणाऱ्या बँकेचा, थोडा व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांचा, आणि उरलेला दुकानात यंत्र बसवणाऱ्या बँकेचा. तुमची बँक आपल्या वाट्यातला काही भाग तुमच्या खात्यावर पॉइंट म्हणून लिहून ठेवते. बचत खात्यातून यूपीआयने पैसे दिले तर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला असे काही द्यावे लागत नाही, म्हणून तिथे पॉइंटही नाहीत. तेव्हा पॉइंट ही बँकेची माया नव्हे. ती दुकानदाराच्या गल्ल्यातून निघालेली, आणि त्याने मालाच्या किमतीत धरलेली, तुमचीच चिल्लर आहे. ती परत घ्यायला लाजायचे कारण नाही. फक्त तिला बक्षीस समजू नये.

ही चिल्लर किती? एक साधा हिशोब मांडतो. चौघांच्या कुटुंबाचा किराणा, औषधे, कपडे, शाळेचे सामान असा महिन्याला ४० हजारांचा खर्च कार्डावरून झाला, तर वर्षाचे ४ लाख ८० हजार होतात. शेकडा एक रुपया परत मिळाला तर ४,८०० आणि चांगले कार्ड निवडून दोन रुपये मिळाले तर ९,६००. पुण्याहून दिल्लीची, थर्ड एसीची, चार जणांची एका बाजूची तिकिटे साधारण एवढ्यात बसतात. संसाराच्या दृष्टीने ही रक्कम लहान नाही. नेहमीचाच खर्च करून वर्षाकाठी सहलीचे एका बाजूचे भाडे निघत असेल, तर कोणत्याही गृहिणीने ते सोडू नये. पण एवढेच निघते, हेही नीट ऐकून ठेवावे. ‘सगळी ट्रिप फुकटात झाली’ असे सांगणाऱ्याच्या मागे बहुधा कंपनीचे दौरे असतात, मोठी खरेदी असते, किंवा थोडी थाप असते.

माझा एक भाचा या विद्येत पारंगत आहे. कंपनीच्या दौऱ्यांची तिकिटे तो स्वतःच्या कार्डावर काढायचा, कंपनीकडून पैसे परत आले की बिल भरून टाकायचा. अशा रीतीने चार वर्षांत त्याने ९० हजार पॉइंट जमवले. त्याचा बेत सिंगापूरचा होता. पॉइंटांचे मैल करून मोठ्या वर्गाचे तिकीट काढले तर एका पॉइंटला एक रुपया पडतो, असे त्याचे गणित. गणित बरोबर होते. फक्त त्याच सुमारास त्याच्या आईने, म्हणजे माझ्या ताईने, काशीला जायचे काढले. ताईचे वय बहात्तर.

‘आई, थोडी थांब,’ भाचा तिला समजावत होता. ‘देशातल्या तिकिटाला वापरले तर पॉइंटला चाळीसच पैसे मिळतात. सरळ नुकसान आहे.’

ताईने गवार मोडता मोडता सांगितले, ‘तुझ्या पॉइंटला चाळीस पैसे मिळोत नाहीतर रुपया. माझ्या गुडघ्यांचा भाव मात्र दर वर्षी उतरतोय बाबा.’

भाच्याने माझ्याकडे पाहिले. ‘मामा, तुम्हीच सांगा हिला.’

मी त्यालाच सांगितले. चाळीस पैशांनी ९० हजार पॉइंटांचे ३६ हजार होत होते. त्यात मुंबईहून वाराणसीची, जाऊन-येऊन तीन तिकिटे निघाली. सूनबाईचे आणि नातीचे तिकीट त्याने पदरच्या पैशांनी काढले. १७८० मध्ये ज्यांनी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले त्या अहिल्याबाईंच्या नावाच्या घाटावर ताई दोन संध्याकाळी निवांत बसली. सिंगापूर अजून जागेवर आहे. कागदावर भाच्याचे ५४ हजारांचे नुकसान झाले. पण ते ५४ हजार त्याच्याकडे कधी नव्हतेच, आणि सिंगापूरच्या त्या वर्गाचे तिकीट त्याने रोख पैसे देऊन जन्मात काढले नसते.

यातला व्यवहाराचा मुद्दा असा की पॉइंट हे एक चलन आहे. पण त्याच्या मागे सरकार नाही, रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचे वचन नाही. ते छापणारी बँकच त्याचा भाव ठरवते आणि बदलते. सप्टेंबर २०२३ पासून ॲक्सिस बँकेने आपल्या ‘मॅग्नस’ या प्रतिष्ठेच्या कार्डाचे दर बदलले. आधी ५ पॉइंटांचे ४ मैल होत, ते त्या तारखेपासून २ झाले. रीतसर सूचना देऊन झाले, अटींमध्ये तशी तरतूदही होती. पण ज्यांनी मैलांसाठी वर्षभर पॉइंट साठवले होते त्यांची पुंजी निम्म्यावर आली. २०१६ च्या नोटाबंदीत निदान रांगेत उभे राहून नोट बदलता तरी येत होती. विमान कंपन्यांचेही तसेच. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची विमाने थांबली. तिच्या मैलांची योजना वेगळ्या कंपनीकडे असल्यामुळे मैल एकदम शून्य झाले नाहीत, त्यांचे नाव बदलले. पण ज्या विमानात बसायचे म्हणून ते साठवले, ते विमानच राहिले नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, आणि तिचे पॉइंट एअर इंडियाच्या ‘महाराजा क्लब’मध्ये गेले. तिथे प्रवाशांचे पॉइंट सुखरूप पोचले. तरी पॉइंट ठेवण्याची वस्तू नाही, वापरण्याची आहे, हे यातून दिसतेच. शिवाय बऱ्याच कार्डांवरचे पॉइंट दोन-तीन वर्षांत आपोआप बाद होतात. ठेवीवर व्याज मिळते. पॉइंट पडून राहिला तर फक्त झिजतो.

दुसरी खोड म्हणजे लक्ष्य गाठण्याची. वर्षात अमुक लाख खर्च केले तर अमुक हजारांचे प्रवासाचे व्हाउचर, अशी ती योजना असते. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांना ४ लाखांच्या खर्चावर ५ हजारांचे व्हाउचर मिळायचे होते. वर्ष संपायला आठवडा उरला आणि आकडा ३ लाख ६२ हजारांवर अडकला. त्यांनी ३८ हजारांचे वॉशिंग मशीन घेतले. घरातले जुने मशीन व्यवस्थित चालू होते. त्यांच्या पत्नीने जिन्यात सांगितले, ‘आम्ही विमानात बसायच्या आधी आमचं मशीन भंगारच्या गाडीत बसलं.’ हसण्यावारी गेले खरे, पण बँकेचा नफा नेमका इथे असतो. तुम्ही एरवी जे घेतले नसते ते घ्यावे, यासाठीच त्या लक्ष्याची रचना असते. दुकानातही डोळे उघडे हवेत. ‘कार्डावर दोन टक्के जादा’ अशी पाटी असलेल्या दुकानात एका टक्क्याच्या पॉइंटासाठी कार्ड पुढे करणे म्हणजे आठ आण्यांसाठी रुपया मोडणे. शाळेची फी ऑनलाइन भरताना जो जादा आकार लागतो, त्याचेही तेच. भाडे, पेट्रोल, वीजबिल यांवर अनेक बँका पॉइंट देत नाहीत, किंवा त्यांना मर्यादा घालतात.

आणि आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी कर्जविभागात होतो. एक तरुण जोडपे वैयक्तिक कर्ज मागायला आले. दोघेही नोकरीत, पगार चांगले. कर्ज कशासाठी, तर चार कार्डांची थकबाकी फेडायला. स्टेटमेंटांचा गठ्ठा मी चाळला. त्यात दोन वर्षांपूर्वीची केरळची सहल होती. मुन्नारचे हॉटेल, अलप्पुळाची हाउसबोट, विमानाची तिकिटे. तिकिटांवर भरघोस पॉइंट मिळाले होते, म्हणूनच सहल कार्डावर केली होती. त्यानंतर दर महिन्याला ते फक्त किमान रक्कम भरत आले होते. त्यांचा चार वर्षांचा मुलगा शेजारच्या खुर्चीत पाय हलवत बसला होता. सहलीला गेला तेव्हा तो दोन वर्षांचा. त्याला त्यातले काही आठवणे शक्य नव्हते. व्याजाला मात्र सगळे आठवत होते.

हा हिशोब प्रत्येक घरात एकदा मोठ्याने वाचावा. समजा बिल ६० हजारांचे आले आणि तुम्ही पाच टक्के, म्हणजे ३ हजार ही किमान रक्कम भरली. उरलेल्या ५७ हजारांवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे १,९९५ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ३५९. एकूण २,३५४. पुढच्या महिन्यात पुन्हा ३ हजार भरले, तर त्यातले सुमारे साडेसहाशेच मुद्दलात गेले. त्या ६० हजारांवर दोन टक्क्यांनी मिळालेल्या पॉइंटांची किंमत १,२००. म्हणजे एका महिन्याच्या व्याजाने जवळजवळ दोन महिन्यांचे पॉइंट गिळले. आणखी एक अट बहुतेकांना ठाऊक नसते. थोडीही बाकी राहिली, की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. मग आज घेतलेल्या भाजीवर आजपासूनच व्याज लागते.

साडेतीन टक्के ऐकायला गोड वाटतात, वर्षाचे बेचाळीस होतात. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तीस टक्क्यांवरचे असे व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तेव्हा हा दर कोणी खाली आणून देईल या आशेवर राहू नये. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांत मात्र ग्राहकाच्या कामाच्या काही गोष्टी आहेत. दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरली तर परतफेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबेल आणि व्याज चढत जाईल, हा इशारा प्रत्येक स्टेटमेंटवर ठळक छापायला त्यांनी सांगितले. बाकी शून्य असताना कार्ड बंद करण्याची विनंती केली, तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद व्हावे, नाहीतर बँकेने ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये द्यावेत, असेही सांगितले. इशारा छापला जातो. पण पॉइंटांचा आकडा पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत असतो, आणि माणसाचे डोळे तिथेच थांबतात.

त्या जोडप्याला मी कर्ज मंजूर केले, कारण आमचा दर कार्डाच्या निम्म्याहून कमी होता. कोणी असा अडकलाच असेल तर त्यानेही हेच करावे. पण त्या दिवसापासून मला पॉइंटांचा हिशोब अपुरा वाटतो. जो दर महिन्याला पूर्ण बिल भरतो त्याच्याकडून बँकेला फारसे काही मिळत नाही. कार्डांच्या धंद्याचा मोठा आधार हप्ते आणि थकबाकी यांवरचे व्याज हा आहे. म्हणजे एकाच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचे कुटुंब पॉइंटांवर काशीला जाते, तेव्हा त्या तिकिटाचा थोडा भार पहिल्या मजल्यावरच्या, किमान रक्कम भरणाऱ्या कुटुंबाने उचललेला असतो. तिसऱ्या मजल्याने पाप केले असे मी म्हणत नाही. फक्त आपण कोणत्या मजल्यावर राहतो, हे ज्याने त्याने तपासून घ्यावे.

ज्यांना पूर्ण बिल भरणे निश्चित जमते, त्यांनी खुशाल पॉइंट घ्यावेत, पण शिस्तीने. बचत खात्यातून पूर्ण रकमेची, किमान रकमेची नव्हे, आपोआप भरणा होण्याची सूचना बँकेला देऊन ठेवावी. घरात एक, फार तर दोन कार्डे ठेवावीत. पॉइंट पाच ठिकाणी विखुरले तर कुठलेच तिकीट निघत नाही. वार्षिक फी आणि तिच्यावरचा जीएसटी पॉइंटांतून वजा करून मगच कार्ड परवडते की नाही ते ठरवावे. एका पॉइंटचा रुपयात भाव किती, हे घेतानाच विचारावे. कुठे चार पॉइंटांचा एक रुपया होतो, कुठे एकाचाच एक. नुसत्या हजारांच्या आकड्याला भुलू नये.

रेल्वेने फिरणाऱ्या कुटुंबासाठी आयआरसीटीसीबरोबर स्टेट बँकेसारख्या बँकांनी काढलेली कार्डे सरळ आणि समजायला सोपी पडतात. फक्त १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधीच उघडते, हे लक्षात ठेवून सुट्टीचे वेळापत्रक आखावे. विमानाचे पॉइंटांवरचे तिकीट एकट्या माणसाला चटकन मिळते, पण मे महिन्यात किंवा दिवाळीत, एकाच विमानात, चौघांना मिळणे कठीण. शिवाय कर आणि विमानतळाचे आकार बहुधा रोखीनेच भरावे लागतात. तेव्हा चारांतली दोन तिकिटे पॉइंटांवर आणि दोन पैशांनी, अशी तयारी मनाने आधीच ठेवावी. परदेशात कार्ड वापरले तर अनेक कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत जादा आकार पडतो. तिथे मिळालेल्या पॉइंटांचा आनंद त्या आकाराची ओळ वाचून मगच करावा.

आणि सगळ्यात आधी गाव ठरवावे, जाणारी माणसे मोजावीत, त्यांतले कोण किती चालू शकते ते पाहावे, तारीख लिहावी. एवढे झाल्यावर पॉइंट काढावेत, आणि त्यातून जे भाडे निघेल ते निघू द्यावे.

पुण्याई जमवायची म्हटली की आपण तिचा हिशोब मागत नाही, श्रद्धेने जमवत राहतो. पॉइंटांच्या बाबतीत मात्र हिशोब मागावा. येत्या रविवारी गेल्या बारा महिन्यांची स्टेटमेंटे टेबलावर पसरा. वहीच्या डाव्या बाजूला वर्षभरात भरलेले व्याज, उशिराचा दंड, वार्षिक फी आणि जादा आकार लिहा. उजव्या बाजूला, साठलेल्या नव्हे, प्रत्यक्ष वापरलेल्या पॉइंटांचे रुपये लिहा. उजवी बाजू मोठी निघाली तर पुढच्या सहलीचा बेत जरूर करा. डावी मोठी निघाली तर कार्ड कपाटात ठेवा आणि तेवढेच पैसे दरमहा आवर्ती ठेवीत टाका. वर्षाअखेरीला त्यातूनही काशीचे तिकीट निघते, आणि बँक त्याचा भाव मध्येच बदलत नाही.